कापसाचा बोळा आणि सराट्याचा काटा

(अमळनेरला वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घरच्या घरी सायकल दुरुस्ती’. चेन, ब्रेक, पेडल, सगळं सांगणार आहे. पण सुरुवात पंक्चरपासून करतो, कारण त्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच वर्षांपासून मनात साठली आहे. आपण भोक बुजवतो आणि निघतो. ते कशानं पडलं हे बघतच नाही.

सराटा माहीत नाही असं इथं कोणी आहे? हात वर करा. एकही नाही! पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पाच पाकळ्यांची इवली पिवळी फुलं येतात, दिसायला अगदी गरीब. दिवाळीच्या सुमारास वाळला की फळाची शकलं होतात, प्रत्येकाला टणक काटे, आणि शकल कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच. बाभळीचा काटा लांब, तो निदान दिसतो. सराट्याचं टोक रबरात मोडून बसतं आणि बाहेरून काही कळत नाही.

मी नववीत होतो. बोरी नदीकाठच्या आमच्या गावाहून शाळा नऊ किलोमीटर. एका आठवड्यात मागचं चाक तीनदा बसलं. तिन्ही वेळा रस्त्यावरच्या एकाच दुकानात गेलो. त्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडे दिसले तिथं ठिगळ लावलं, पैसे घेतले. टायरमध्ये हात एकदाही घातला नाही. तिसऱ्या वेळी माझी चित्रकलेची परीक्षा होती. रंगपेटी डोक्यावर, सायकल हातात, असा पळत पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. त्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. काम अर्धं करून पूर्ण पैसे घेणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

घरी आलो. आप्पांनी काही विचारलं नाही. सायकल अंगणात उलटी केली, ट्यूब काढून थोडी हवा भरली आणि ती टायरवर जशी बसते तशी धरली, व्हॉल्व्ह रिमच्या भोकासमोर. तिन्ही ठिगळं व्हॉल्व्हपासून एक वीत चार बोटांच्या आसपासच होती. मग आप्पा उठले, घरात वेचून ठेवलेल्या कापसातला एक बोळा घेतला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी तंतू अडकले. ‘आठेच शे,’ इथंच आहे, म्हणाले. चिमट्यानं काढलं तर तांदळाच्या कणीएवढं टोक. बोट फिरवलं तर बोटात घुसतं, शिवाय रखरखीत हाताला लागतही नाही. कापूस मात्र चुकत नाही. कापसाच्या मुलखात राहून ही युक्ती आपण विसरावी, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हापासून मी भोक वाचतो. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर काटा किंवा काच. आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे असेल, तर रिमपट्टी, म्हणजे आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे किंवा एखाद्या आऱ्याचं टोक वर आलं आहे, तिथं कानस फिरवा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. आणि भोकच सापडत नसेल तर व्हॉल्व्हला थुंकी लावून बघा. आपल्याकडच्या उन्हात ती बारीक रबरी वालट्यूब चिकट होते, तडकते, आणि आपण ट्यूबला दोष देतो. या व्हॉल्व्हला ज्यांचं नाव आहे ते डनलॉप व्यवसायानं गुरांचे डॉक्टर. बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीला त्यांनी हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. खरं तर रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा या सायकली कुठे होत्या?

ठिगळाबद्दल एवढंच. जागा घासा, सोल्युशन, म्हणजे ठिगळ चिकटवायचा डिंक, पातळ लावा आणि थांबा. बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच ठिगळ दाबा. ओल्यावर लावलेलं ठिगळ सुटतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं राहिली, तेव्हा भराभर सांगतो.

चेन. तेल ओतू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलात बसली की तिचा पॉलिश पेपर होतो. आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाका. चेनीची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. पट्टी लावा. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेन बदला, नाहीतर ती दातेही खाईल.

पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते काढायला पान्ना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. हे माहीत नसल्यानं पेडल बसतं ते किती दांडे, म्हणजे क्रँक, वाया जातात!

ब्रेक. ब्रेकचा रबरी गुटका रिमलाच लागला पाहिजे, टायरला कधीच नाही. चाक फिरवून बघा, एकाच जागी घासत असेल तर चाकात आउट आहे, म्हणजे रिम सरळ फिरत नाही. आरे पाव पाव फेराच आवळा.

छर्रे, वाट्या आणि फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे आतले खटके, राहून गेले. बाहेर पटांगणात माझी सायकल उलटी करून ठेवली आहे, मागच्या टायरमध्ये सराटा आहे. कापूस मी आणलाय. ज्यांना शोधायचा असेल त्यांनी या.