वजाबाकी कुठे चुकते? पूर्व नागपुरातल्या एका मनपा शाळेतून

(दृश्य: कळमना बाजार, सकाळ. पोती उतरवणारे हमाल. मग शाळेचं फाटक.)

कळमन्यात रात्रभर मिरचीची पोती उतरवलेले हमाल आता चहाला थांबलेत आणि त्यांची मुलं दप्तर सावरत शाळेत शिरतायत. कुणाच्या घरी छत्तीसगढी, कुणाच्या घरी हिंदी, कुणाची भंडाऱ्याकडची मराठी. शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. हे चित्रण ऑगस्टमधलं, पहिली घटक चाचणी नुकतीच झालेली.

(दृश्य: तिसरीचा वर्ग. मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या दुसऱ्या मॅडम.)

मागच्या बाकावर बसल्यात त्या शेजारच्या चौथीच्या मॅडम. त्या तपासणीला आलेल्या नाहीत. तिसरीच्या मॅडमनीच त्यांना बोलावलंय, पाठ बघायला. फळ्याकडे त्यांचं लक्ष कमीच आहे, त्या मुलांच्या वह्या बघतायत.

(दृश्य: वह्यांचे क्लोजअप.)

52 वजा 27. उत्तर लिहिलंय 35. पुढची वही, 35. त्याच्या पुढचीही 35. लाल फुली मारून पुढे जाता आलं असतं. चौथीच्या मॅडम एका मुलाशेजारी बसल्या आणि विचारलं, कसं केलंस सांग. तो बोट ठेवून सांगतो, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मग दोनातून सात का नाही काढले? "लहान्यातून मोठं कसं जाईन, मॅडम?"

मुलाने डोकं चालवलंय. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत शाळेनेच शिकवलं होतं. तो ते एकक-दशकाच्या प्रत्येक घरात इमानेइतबारे करतोय.

(दृश्य: दुपार. टेबलावर वह्यांचा ढीग, भोवती शिक्षक. आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड.)

पोषण आहार झाला, मुलं मैदानात गेली आणि शिक्षक या टेबलाभोवती जमले. खरं प्रशिक्षण इथे चालतं. शहर साधन केंद्रातून आलेले साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मदत करणारे मार्गदर्शक, भाषण करत नाहीत, एकच प्रश्न टाकतात: 52 किती तऱ्हांनी मांडता येईल? पाच दशक दोन एकक, हे सगळ्यांनाच येतं. चार दशक बारा एकक म्हणताना एक सर क्षणभर थांबतात, मग गठ्ठ्याचं रबर काढून दहा काड्या टेबलावर सुट्या करतात. बारातून सात जातात. पाच उरतात. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस.

मग वाद रंगतो. एका मॅडमचं म्हणणं, हातचा थेट शिकवा, पुढची चाचणी तोंडावर आहे. चौथीच्या मॅडम ऐकत नाहीत: आधी मुलाच्या हाताने गठ्ठा सुटू दे, चिन्हं नंतर. आणि पहिलीतलं ते वाक्य आपणच बदलायला हवं. उद्याचा पाठ याच टेबलावर ठरतो.

(दृश्य: जुने हजेरीपट, सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या.)

शिक्षकांचं प्रशिक्षण काही आजचं नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आपण म्हणतो त्या डायट, उभ्या राहिल्या. आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र; त्यांच्या केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा सुरू झाल्या. 2020 च्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. 2021 मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि पायाभूत गणित करता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. पण राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने केंद्राला आणि केंद्राने शिक्षकाला शिकवायचं, या उतरंडीत वर्गापर्यंत पोचता पोचता बराचसा आशय गळून जातो. सभागृहातल्या दिवसभराच्या स्लाइडमध्ये ही 35 ची वही कुठेच नसते. ते 50 तास इथे खर्च व्हावेत, मागच्या बाकावर आणि या टेबलाशी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्यासाठी शिक्षक शाळेत असावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षक जुंपू देत नाही. पण निवडणुकीच्या कामातच किती दुपारी जातात! आणि दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील, तर मागच्या बाकावर बसायला येणार कोण?

(दृश्य: दुसऱ्या दिवशीचा तास. जमिनीवर काड्यांचे गठ्ठे, मुलांचे हात.)

इथे आम्ही काही बोलत नाही. बघा.

(पंचेचाळीस सेकंद फक्त वर्गातला आवाज.)

सप्टेंबरच्या चाचणीत 35 लिहिणारे थोडेच उरले. पहिलीच्या वर्गात आता मोठ्या-लहानाचा तो नियम सांगत नाहीत. दिवाळीनंतर चौथीच्या मॅडम भागाकाराचा पाठ घेणार आहेत. तो बघायला या शाळेतले शिक्षक तर असतीलच, जवळच्या उर्दू माध्यमाच्या मनपा शाळेतल्या दोन शिक्षिकांनीही येतो म्हणून कळवलंय.