पुनवेची रात्र, मध्यरात्रीची भरती आणि तुमचा तंबू

[पुळणीवर, सकाळ. मागे समुद्र, हातात एक काठी.]

नमस्कार मंडळी. थंडी पडली की प्रत्येक व्हिडिओखाली एकच मागणी सुरू होते: कोकणातली गर्दी नसलेली पुळण सांगा, तंबू लावायचाय, लोकेशन टाका. लोकेशन टाकणार नाही. मागे दिसतेय त्या पुळणीचंही नाव सांगणार नाही. यात गूढ काही नाही. या वाडीत जेमतेम चाळीस घरं, यायला एक रस्ता, तोही समोरून एसटी आली की मागे घ्यावा लागणारा. इथे एका शनिवारी साठ तंबू पडले तर काय होतं याचा हिशेब पुढे येईलच.

गर्दी का वाढली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट जाता येतं. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांवर फेरीबोटी आहेतच. पूर्वी काशीद, नागाव, फार तर मुरुड-हर्णैपर्यंत येऊन थांबणारी माणसं आता आणखी चार वळणं पुढे जातात. त्यात रीलखाली ठिकाणाचं नाव असलं की दोन हंगामांत ती 'अनोळखी' पुळण सगळ्यांच्या ओळखीची होते.

तंबू लावायच्या साध्या गोष्टी, पटकन. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, किनाऱ्यावर तंबू लावायचाच नाही. नारळाखाली लावायचा नाही. नारळापेक्षा सुकलेली झावळ जास्त वेळा पडते आणि ती वाऱ्याची वाट बघत नाही. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून, त्यामुळे संध्याकाळचा वारा बघून दार कुठे ठेवायचं ते ठरवलंत तर पहाटे फसता. दंव एवढं पडतं की वरचा पडदा नसेल तर सकाळी पांघरूण पिळावं लागतं. आणि नेहमीचे पेग वाळूत धरत नाहीत. जुनी कापडी पिशवी घ्या, वाळूने भरा, दोरी बांधा, हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि वर पाय देऊन दाबा. चार कोपऱ्यांना चार पिशव्या. प्लास्टिकच्या नकोत, निघताना त्यातल्या दोन हमखास वाळूतच राहतात.

आता मुद्द्याचं. तंबू लावायचा कुठे?

[काठी वाळूत रोवतो.]

ही रेघ बघा. सुकलेली पानं, शिंपल्यांचा चुरा, बाटल्यांची बुचं, जाळ्याचा निळा दोरा. भरतीने आणून टाकलेला हा कचरा. ऐकीव सल्ला असा की या रेघेच्या वर तंबू लावला की झालं. आज एकादशी. आत्ता सव्वाआठ वाजलेत, पाणी पूर्ण भरलंय आणि बरोबर या रेघेपाशी थांबलंय. म्हणजे सल्ला बरोबर दिसतोय. चार दिवसांनी पौर्णिमा आहे, शनिवारही आहे, आणि त्या रात्री हाच सल्ला बुडवणार आहे.

भरतीची वेळ काढायचं गणित इथल्या कोणत्याही जाणत्या माणसाला तोंडपाठ असतं. तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणने गुणा. चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोन भरतींच्या मधे ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. मुंबईकडे थोडी उशिरा, मालवण-वेंगुर्ल्याकडे थोडी आधी. मिनिटांपर्यंत हवं असेल तर भरती-ओहोटीचं तक्ताबुक किंवा अ‍ॅप बघा. तंबूसाठी पंचांग पुरतं.

आता पुढचं जोडा. लोक यायला कोणती रात्र निवडतात? पुनवेची. चांदणं हवं असतं. म्हणजे निवडून निवडून नेमक्या त्या रात्री येतात जेव्हा भरती अकरा-बाराला, गाढ झोपेत असताना येते आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं ती. तंबू लावतात दुपारी चार-पाचला, आणि तेव्हा ओहोटी पुरती लागलेली असते. समोर शंभर पावलं मोकळी, ओली, गुळगुळीत, सपाट वाळू. ही जागा रिकामी का आहे, असा प्रश्न कुणालाच पडत नाही.

हीच गोष्ट आता दुसऱ्या बाजूने. ती रेघ कालच्या भरतीची असते, आजच्या नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं. तिथून पौर्णिमेपर्यंत रोज थोडं वर येतं, आणि सगळ्यात मोठं उधाण बहुतेक वेळा पौर्णिमेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. म्हणजे पौर्णिमा शुक्रवारी असेल आणि शुक्रवारी तंबू 'वाचला' म्हणून शनिवारी तिथेच ठेवलात, तरी शनिवारची खात्री नाही. रेघ बघायची तर सगळ्यात वरची, जुनी, करडी झालेली बघा. ताजी ओली रेघ कामाची नाही.

आणि तिसरी बाजू, जी भल्याभल्यांना माहीत नसते. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री. डिसेंबरातल्या पुनवेला दुपारी बाराला पाणी कुठवर आलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत, त्याच्या वर पाच पावलं सोडून तंबू लावलात, तरी मध्यरात्रीचं पाणी त्याहून वर येतं. मुंबईच्या बाजूला हा फरक काही दिवशी दोन फुटांच्याही वर जातो, दक्षिणेला कमी. दोन फूट ऐकायला किरकोळ वाटतं. पण पन्नास फूट चाललं की एक फूट चढ अशी सपाट पुळण असेल, तर पाणी एक फूट जास्त चढलं की पन्नास फूट आत येतं. पाच-सहा तंबू एकामागे एक मावतील एवढं अंतर.

"मग अजून वर लावू की." हेही येतं दर वेळी. बघा वर काय आहे.

[कॅमेरा मर्यादवेलीवर.]

जांभळ्या फुलांची ही मर्यादवेल. पानं बघा, मधे दुभंगलेली, आपट्यासारखी. नाव उगाच पडलेलं नाही. समुद्राची मर्यादा हीच दाखवते. नेहमीचं खारं पाणी पोचतं तिथे ती फार काळ टिकत नाही. म्हणून वेलीची खालची कड ही कचऱ्याच्या रेघेपेक्षा भरवशाची खूण. पण तंबू वेलीवर लावायचा नाही. हिच्या मुळांनी वाळूचा उंचवटा धरून ठेवलाय आणि त्या उंचवट्यामुळे मागची आगरं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, उभी आहेत. वेल तुडवली की ती जागा उघडी पडते, वारा वाळू उडवतो आणि पुढच्या उधाणाला तिथूनच खिंडार पडतं.

गर्दीचा आणि भरतीचा संबंध इथे लागतो. पूर्वी दोन-चार तंबू यायचे, ते सुरूच्या बनात किंवा कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लागायचे. आता बनातली सावलीची जागा शुक्रवारीच भरते. उरलेले काही खाली भरतीत सरकतात, काही वर वेलीवर चढतात. चुकीच्या जागी तंबू लावणारा दर वेळी अडाणी असतो असं नाही. बऱ्याचदा तो फक्त उशिरा पोचलेला असतो. म्हणून सांगणं असं की जागा उरली नसेल तर गावात विचारा. खळ्यात तंबू लावू देणारी घरं असतात, त्यांना पैसे द्या, न्हाणीघर मिळेल, सकाळी घावणे मिळाले तर नशीब. सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं असतं, तिथे परवानगी लागते. ग्रामपंचायतीत एक फोन केला की कळतं.

साठ तंबूंचा हिशेब राहिला होता. तंबूमागे तीन माणसं धरा, एकशे ऐंशी. माणशी वीस लिटर म्हणजे अगदी चेपून वापर. दोन दिवसांचे सात हजार दोनशे लिटर. हे पाणी येतं वाडीच्या विहिरींतून. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थरासारखं. पंप लावून भसाभसा उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. तुम्ही रविवारी निघून जाता. मचूळ पाणी वाडीला पुढचा पाऊस पडेपर्यंत पुरतं. त्यामुळे पिण्याचं पाणी सोबत आणा, आणि समुद्रातून आल्यावर बादलीभर पाण्यात आंघोळ उरका.

शौचाचंही उघड बोलू. "खड्डा करून पुरलं" हा डोंगरातला उपाय आहे. तिथे मातीत ते कुजतं. वाळूत कुजवणारं फारसं काही नसतं, वर कुत्री उकरतात, नाहीतर उधाण उकरतं. शौचालय नसेल तर मुक्काम नाही, इतकं सरळ.

शेकोटी. वेल आणि सुरू यांच्या जवळ तर नाहीच. सुरूच्या खाली पडलेल्या सुया म्हणजे नुसता भुसा, ठिणगी पुरते. उघड्या वाळूवर केलीत तर विझवताना वाळू लोटू नका. हे लिहून ठेवा. वाळूखाली गाडलेले निखारे विझत नाहीत, झाकले जातात. वरून काही दिसत नाही आणि आत तासन् तास धग राहते. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं येतात, अनवाणी, नजर दोरावर. पाय नेमका तिथे पडतो. दोन बादल्या समुद्राचं पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, वर हात धरून बघा. मग कोळसे पिशवीत भरून घेऊन जा.

नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचाही हंगाम. वेळास, आंजर्ले ही नावं माहीत असतात, पण ऑलिव्ह रिडले मादी नाव बघून किनारा निवडत नाही. ती रात्री कुठल्याही शांत पुळणीवर चढते आणि शंभरएक अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने निघतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड पाण्याकडचा असतो. तुमचा एलईडी कंदील लागला की तुमच्या तंबूकडचा. गाडी पुळणीवर उतरवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. गाडी रुतते तेव्हा तुमची फजिती होतेच, ट्रॅक्टरवाला हजार-दोन हजार सांगतो तेही योग्यच. पण चाकाची चाकोरी मागे राहते ती दोन बोटं लांबीच्या पिल्लाला भिंतीसारखी. ते त्यातच धावत राहतं, उजाडलं की कावळे येतात.

सर्फिंगचं विचारणाऱ्यांना थोडक्यात. हिवाळ्यात इथली लाट लहान, शिकाऊ माणसाला बरी. भर भरतीला ती बऱ्याच ठिकाणी काठालाच आपटते, म्हणून भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी उतरा. रस्ता संपतो तिथे सगळे आंघोळीला उतरतात. बोर्ड घेऊन त्यांच्यात घुसू नका, शंभर पावलं बाजूला जा, दोरी घोट्याला बांधलेली हवी. आणि दोन्हीकडे लाटा फुटतायत, मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा टाळा. तिथे तळ खोल असतो आणि काठावर चढलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं. गर्दीतली नवखी माणसं शांत बघून नेमकी तिथेच उतरतात. ओढ लागली तर काठाकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा.

राहता राहिलं, मग यायचं कधी? अष्टमीला या, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. भरती संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे पाणी कुठवर येतं ते उजेडात दिसतं. मग मध्यरात्रीपर्यंत ते मागे जातं, आणि पुन्हा पूर्ण चढतं तेव्हा पहाटेचे सहा वाजलेले असतात, तुम्ही चहाला उठलेले. भांग असल्याने चढतंही कमी. शुद्ध अष्टमी असेल तर मध्यरात्रीपर्यंत चांदणं आहेच. चंद्र मावळला की तारे बघा, पुनवेला ते फारसे दिसत नाहीत.

[काठी उपटून खांद्यावर घेतो.]