सोडलेला कर कुणाच्या खात्यावर?

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च महिन्यात पोस्टात पीपीएफच्या खिडकीपुढं रांग लागते. आपला किती कर वाचला, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला रुपयापर्यंत ठाऊक असतं. त्या रांगेपायी सरकारला काय पडलं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेवढंच बोलू.

जुन्या करपद्धतीतली ८० सी घ्या, म्हणजे पीपीएफसारख्या बचतीत घातलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारी वजावट. नव्या आयकर कायद्यात तिच्या कलमाचा नंबर १२३ झालाय, पण लोकांच्या तोंडी ८० सीच राहणार. मर्यादा दीड लाख. २०१४ साली अरुण जेटलींनी ती एका लाखावरून दीड लाखावर नेली, ती आजही तिथंच आहे. आता तिघंजण बघा. झेडपीच्या शाळेतले गुरुजी २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. त्यांनी दीड लाख गुंतवले की ३० हजार वाचतात. सोलापूरच्या होटगी रोडवरचे डॉक्टर ३० टक्क्यांच्या टप्प्यात. त्यांनी तेवढेच दीड लाख त्याच खिडकीत भरले की ४५ हजार वाचतात. दोघांचा वर ४ टक्के सेसही, म्हणजे करावरचा उपकरही वाचतो, तो वेगळा. आणि विडी वळणारी बाई? तिला कर नाहीच, म्हणून सूटही नाही. तिनं पोटाला चिमटा काढून कितीही साठवलं तरी शून्य. ज्याचं उत्पन्न जास्त त्याला मदत जास्त, ही वजावटीची मूळ खोड आहे.

हीच गोष्ट घराला लावा. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरमध्ये विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांची १५ हजार घरं झाली, जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा ताबा दिला. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचं अनुदान एका घराला दीड लाख, तेही एकदाच. त्यासाठी याद्या लागल्या, दाखले लागले, तपासणी झाली. इकडं जुन्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावर वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज वजा होतं. ३० टक्के टप्प्यातल्या माणसाचे त्यात साठ हजार वाचतात, दर वर्षी. अडीच वर्षांत दीड लाख झाले. यादी नाही, दाखला एकच, बँकेचा. पुन्हा सांगतो : अनुदान एकदा दीड लाख, सूट दर वर्षी साठ हजार. पहिला आकडा खर्चाच्या बाजूला छापला जातो. दुसरा खर्चात दिसतच नाही, कारण तो पैसा तिजोरीत आलेलाच नसतो.

आता एक जुनी हकीकत. तिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

१८५७ च्या उठावानंतर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं आणि तिजोरीत खड्डा पडला. तो बुजवायला लंडनहून जेम्स विल्सन यांना धाडलं. मूळचे टोप्यांचे कारखानदार, पण हिशेबाला पक्के. १८५९ च्या अखेरीस ते कलकत्त्यात उतरले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. २४ जुलै १८६० ला कायदा झाला. आयकर खातं तो दिवस अजून आयकर दिन म्हणून पाळतं. कराचा वाढदिवस साजरा करणारी माणसं आपल्याकडं आहेत, ही मला मोठी गंमत वाटते. असो. त्याच १८६० साली रेल्वेही सोलापूरला पोचली.

दर असे होते : वर्षाला २०० रुपयांच्या आत उत्पन्न असलं तर माफ, २०० ते ५०० ला २ टक्के, ५०० च्या वर ४ टक्के. शेतीचं उत्पन्नही त्यात होतं. पण लष्करी अधिकाऱ्यांना वर्षाला ४,९८० रुपये पगारापर्यंत माफी! साध्या माणसाला दोनशे आणि लष्करी साहेबाला जवळजवळ पाच हजार. कायद्याची शाई वाळायच्या आत सवलतींचा पंगतभेद सुरू झालेला.

मद्रासचे गव्हर्नर होते सर चार्ल्स ट्रेव्हेलियन. कायदा व्हायच्या आधीच त्यांनी या कराला कडवा विरोध केला. नुसता फाइलीत नव्हे, आपलं टिपण त्यांनी थेट वर्तमानपत्रांत छापू दिलं. सरकारचाच गव्हर्नर सरकारच्या कराविरुद्ध उघड बोलतो म्हटल्यावर लंडननं त्यांना परत बोलावलं, नोकरीच गेली. इकडं विल्सन यांना कलकत्त्याची हवा बाधली. कायदा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, ११ ऑगस्टला ते आमांशानं वारले. कर बसवणारा गेला आणि विरोध करणारा घरी बसला.

मग सवलती सुरू झाल्या. १८६२ मध्ये २ टक्क्यांचा टप्पाच काढला, माफीची मर्यादा २०० वरून ५०० वर गेली. आणि त्यानंतर अर्थखात्याच्या खुर्चीवर कोण आलं? तेच ट्रेव्हेलियन! काढून टाकलेला माणूस त्याच कराचा धनी होऊन परत आला. १८६३ मध्ये त्यांनी ४ टक्क्यांचा दर ३ वर आणला आणि १८६५ मध्ये मुदत संपताच कर तसाच मरू दिला. लोक खूश. पण खड्डा तिथंच होता. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, धंद्यावर लायसन कर आला. १८६९ मध्ये आयकर परत आला, १८७३ मध्ये पुन्हा गेला. १८८६ च्या कायद्यानं तो आला तो कायमचा, आणि त्याच कायद्यात शेतीचं उत्पन्न वगळलं गेलं. ती सूट आजही चालू आहे. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला ती मिळावी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जिरायत रानात निव्वळ कागदावर डाळिंब पिकवणाऱ्यांबद्दल मात्र आहे.

आता आजच्याकडं येऊ, थोडक्यात. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत, म्हणजे जिथं ८० सी सारख्या वजावटी नाहीत तिथं, बारा लाखांपर्यंत कर नाही असं झालं. हिशेबानं त्यावर साठ हजार कर होतो, तेवढाच रिबेट, म्हणजे करातच सूट मिळते. पगारदारांना पाऊण लाखाची प्रमाणित वजावट धरून ही हद्द पावणेतेरा लाख. सरकारनं संसदेत सांगितलं, प्रत्यक्ष करातले सुमारे एक लाख कोटी रुपये यात सोडले.

हे एक लाख कोटी एकट्या दिल्लीचे नव्हेत. केंद्र आणि राज्यांतली करवाटणी ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानं वाटपाच्या करातले ४१ टक्के राज्यांचे, म्हणजे ४१ हजार कोटी राज्यांचे गेले. त्यात २०२५-२६ ला महाराष्ट्राचा वाटा होता ६.३१७ टक्के, म्हणजे ढोबळ हिशेबानं २,५९० कोटी. सूट दिल्ली जाहीर करते आणि रुपयातले ४१ पैसे राज्यांच्या खिशातून जातात. सेस आणि अधिभार मात्र या वाटपात येत नाहीत, ते पूर्ण केंद्राचे. म्हणून कर कमी आणि सेस चालू, ही रीत मला पटत नाही.

ज्यांना आकडे स्वतः बघायचेत त्यांनी अर्थसंकल्पातलं रिसीट बजेट, म्हणजे जमेचा भाग उघडावा. २००६ पासून त्यात करसवलतींनी बुडालेल्या महसुलाचं परिशिष्ट असतं. वैयक्तिक करदात्यांच्या वजावटींत ८० सी सगळ्यात मोठी. पण एक जपा : त्या रकान्याची बेरीज करू नका. प्रत्येक सवलत एकटी काढली आणि लोकांनी वागणं मुळीच बदललं नाही, असं धरून तो हिशेब असतो.

समजा, जुन्या पद्धतीत उत्पन्न १२ लाख. ८० सी चे दीड लाख आणि घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख वजा जाऊन साडेआठ लाखांवर कर बसतो. नुसती ८० सी काढली तर कर ३० हजारांनी वाढतो. नुसतं व्याज काढलं तर ४५ हजारांनी. बेरीज ७५ हजार. पण दोन्ही एकदम काढली तर दहा लाखांवरचे पूर्ण दोन लाख ३० टक्क्यांत जातात आणि वाढ होते ९० हजार. हा पंधरा हजारांचा फरक एकाच घरातला आहे. आणि मुळात तो माणूस जुन्या पद्धतीत थांबेल कशाला? तो नव्या पद्धतीत जाईल, तिथं बारा लाखांपर्यंत कर शून्य, आणि ते ९० हजार सरकारला दिसणारच नाहीत.

नमस्कार.