सँ-सिर्क-लापोपी : गाव बघायचं ते नदीकडून

मंडळी, आजचं गाव शोधायला फ्रान्सच्या नकाशावर तूलूझच्या उत्तरेला बोट ठेवा. तिथं काऑर नावाचं शहर लागेल. काऑरहून लॉट नदीच्या काठाकाठानं पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटर गेलं की डोक्यावर शंभरेक मीटरचा चुनखडीचा कडा येतो आणि त्याच्या माथ्यावर सँ-सिर्क-लापोपी हे गाव दिसतं. उतरत्या तपकिरी कौलांची, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली मध्ययुगीन घरं. 2012 साली टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्रेंच प्रेक्षकांनी याला आपलं सगळ्यांत आवडतं गाव म्हणून निवडलं. तेव्हापासून उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. कायमची वस्ती जेमतेम दोनेकशे माणसांची, आणि येणारे लाखांनी.

बहुतेक लोक वरच्या वाहनतळावर गाडी लावतात, दोन गल्ल्या फिरतात, कड्यावर फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. फोटो चांगले येतात, त्याबद्दल वाद नाही. पण एवढी पक्की दगडी घरं या कड्यावर बांधायला पैसा आला कुठून, हे वरून कळत नाही. तो नदीतून आला. म्हणून माझं सांगणं असं, की सुरुवात खाली बूझिएस गावापासून करा आणि सँ-सिर्कला चालत जा.

या वाटेवर गानिल नावाचा टप्पा लागतो. इथं कडा सरळ पाण्यात उतरतो, काठ म्हणून काही शिल्लकच नाही. नदीच्या प्रवाहाबरोबर होडी आपली आपण जाते, उलट येताना मात्र तिला काठावरून दोराने ओढावं लागतं. ओढणाऱ्यानं उभं राहायचं कुठं? 1840च्या दशकात त्यावर उपाय काढला तो असा, की कड्याच्या पोटातच आडवी खाच कोरली आणि त्यातून रस्ता नेला. आज त्यावरून चालताना डाव्या हाताला नदी, उजवीकडे खडक आणि डोक्यावरही खडकच. उंच माणसाचा हात सहज छताला लागतो. छिन्नीचे घाव अजून दिसतात. पुढे एका ठिकाणी दानिएल मोनिए या शिल्पकारानं विसाव्या शतकाच्या अखेरीस याच भिंतीत मासे, शिंपले आणि पाण्याचे भोवरे कोरले आहेत. लोक ते शिल्प प्राचीन समजून आदरानं हात लावतात. लावू दे.

या होड्यांना तिकडे गाबार म्हणतात. सपाट तळाच्या, उथळ पाण्यातही चालणाऱ्या. खाली जाताना त्यांतून काऑरची वाईन जायची, लॉटमधून गारोन नदीत आणि तिथून बोर्दोच्या बंदरात. परतताना मीठ आणि खारवलेले मासे यायचे. काऑरची वाईन रंगानं इतकी गडद, की तिला काळी वाईनच म्हणत. पण बोर्दोचे व्यापारी पक्के. नदीच्या वरच्या अंगाची वाईन त्यांच्या बंदरातून पुढे पाठवायची तर आधी बोर्दोच्या मालाला वाट मोकळी, असा त्यांनी नियमच करून घेतलेला. राजाकडून मिळालेला हा विशेषाधिकार काही शतकं टिकला. 1776 मध्ये अर्थमंत्री तुर्गो यानं तो मोडीत काढला, आणि तो मोडेपर्यंत काऑरचे द्राक्षवाले दरवर्षी ताटकळत बसले. नदी सगळ्यांची असली तरी बंदर ज्याचं, त्याचंच चालतं.

आता वर गावात या. पेलिसारिया ही कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, पेरोलरी ही तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. पण गावाचा खरा धंदा लाकडाच्या कातकामाचा. आसपासच्या माळावर बुई नावाचं खुरटं झुडूप वाढतं. त्याचं लाकूड पिवळसर, वजनदार आणि कमालीचं घट्ट. कातारी त्यापासून वाईनच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या करत. तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणाऱ्या रुंद दगडी कमानी दिसतात, त्या या कारागिरांच्या दुकानांच्या. म्हणजे पिंप नदीतून जाणार आणि त्याची तोटी वर कड्यावर होणार. गाव आणि नदी यांचं नातं हे असं व्यवहाराचं होतं.

मग दोन तडाखे बसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा या किडीनं द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, आणि 1886 मध्ये याच खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली. गाबार थांबल्या. तरुण शहरांकडे गेले, घरं पडायला लागली. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून ती राहिली. आज आपण ज्याला जपलेलं गाव म्हणतो, त्यातलं बरंचसं गरिबीनं जपलेलं आहे. आणि गंमत म्हणजे त्या रेल्वेवरूनही आता प्रवासी गाडी धावत नाही. काऑरहून बस येते, ती नदीपलीकडे तूर-द-फोरला सोडते. तिथून पूल ओलांडून चढायचं.

रिकाम्या घरांत पुढे चित्रकार आले, आणि 1950च्या जूनमध्ये स्वप्न आणि कल्पनेला वास्तवाच्या वर मानणाऱ्या अतिवास्तववाद या कलाचळवळीचा पुढारी, कवी आंद्रे ब्रतों आला. महायुद्धानंतरच्या त्या काळात काऑरनं स्वतःला जगाचं शहर म्हणून जाहीर केलं होतं, आणि सीमा न मानणाऱ्या एका जागतिक रस्त्याचं उद्घाटन होतं. त्या रात्री दारूकामाच्या उजेडात ब्रतोंला हे गाव दिसलं. पुढच्याच वर्षी त्यानं इथं नावाड्यांची जुनी खाणावळ असलेलं घर घेतलं आणि पुढे उन्हाळे इथंच काढले.

परिसराबद्दल थोडं. वरच्या पठाराला तिकडे कोस म्हणतात. चुनखडी असल्यामुळे पाऊस पडला की पाणी जमिनीत गडप. खुरटे ओक, दगडी बांध, चुना-माती न वापरता रचलेल्या मेंढपाळांच्या गोल झोपड्या. मेंढ्या पांढऱ्या, पण डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. गडप झालेल्या या पाण्यानं खाली गुहा कोरल्या, त्यातली पेश मेर्ल ही जवळच काब्रेरे गावापाशी. 1922 मध्ये दोन शाळकरी पोरं आत शिरली आणि चित्रं सापडली. त्यातले ठिपक्यांचे दोन घोडे सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक कडेवरच बेतलेलं आहे. असे ठिपकेवाले घोडे खरोखर होते की चित्रकाराची कल्पना, यावर बरीच वर्षं वाद होता. 2011 मध्ये प्राचीन हाडांमधल्या डीएनएवरून कळलं, की होते.

आपले ब्रतों महाशय 1952 मध्ये याच गुहेत गेले. चित्रं खोटी असावीत असा त्यांना संशय. म्हणून भिंतीवरच्या एका मॅमथच्या, म्हणजे प्राचीन केसाळ हत्तीच्या, सोंडेच्या रेषेवरून सरळ अंगठा फिरवला. रंग बोटाला आला, भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि दंड झाला. कल्पनेला वास्तवावर बसवणारा माणूस वास्तवाची खात्री करायला गेला आणि मॅमथ पुसून आला!

जाणार असाल तर गुहेची तिकिटं आधी काढा, रोज ठराविक लोकांनाच सोडतात. ऐन हिवाळ्यात काही आठवडे ती बंदही असते. आणि नेमका हिवाळाच लालबांक गावच्या ट्रफल बाजाराचा. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी. मंगळवारी दुपारी विक्रेते बाकांवर टोपल्या मांडून दोरीमागे उभे राहतात, दोरी सुटेपर्यंत सौदा करता येत नाही. गुहा आणि ट्रफल दोन्ही हवं असेल तर तारखा जुळवून बघा, आणि ट्रफलसाठी खिशात रोख ठेवा.