शेतावर एक दिवस : कांद्याची लागण

(दृश्य : तयार वाफे. बांधावर वीसेक तरुण-तरुणी हातमोजे चढवताहेत.)

एका दिवसासाठी वीस जण मदतीला आले की शेतकरी कुटुंबाला आधी हे ठरवावं लागतं, की यांना काम कोणतं द्यायचं. फळझाडांची छाटणी एका सकाळीत शिकून होत नाही. ट्रॅक्टरच्या जवळ तर कुणाला फिरकूच द्यायचं नाही. त्याचा पीटीओ शाफ्ट (मागे जोडलेल्या अवजाराला फिरवणारा दांडा) साधारण मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. ओढणीचं टोक त्यात गुंतलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. नुकती फवारणी झालेला तुकडाही वर्ज्य; त्यात किती काळ पाऊल टाकायचं नाही, ते औषधाच्या लेबलवर पाहून घ्यावं.

भरपूर हात लागणारं, अर्ध्या तासात जमणारं आणि चुकलं तर लगेच सुधारता येणारं काम हवं. कांद्याची लागण, म्हणजे रोपवाटिकेतली रोपं उपटून वाफ्यात लावणं, तशी आहे.

(दृश्य : मुठीत माती. बोटाने टोचल्यावर गोळा फुटतो.)

खरी मेहनत मात्र आदल्या दिवसाची. माती वाफशावर हवी : मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा. चिखलात लावलेली रोपं माती वाळली की आवळली जातात. वाफा 1.2 मीटरच रुंद ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. रोपवाटिकेलाही आदल्या दिवशी पाणी द्यावं. कोरड्या मातीतून रोप ओढलं, तर मुळं खालीच राहतात.

रोपं सहा ते आठ आठवड्यांची आणि पेन्सिलीहून थोडी बारीक असावीत. दोऱ्यासारखी असली तर तग धरत नाहीत. फार थोराड असली आणि पुढे थंडी पडली, तर डेंगळे (फुलांचे दांडे) येतात आणि कांदा पोसत नाही.

(दृश्य : जवळून. दोन बोटं, एक रोप, एक खाच.)

पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकायचा; पाणी कमी उडतं. दोन ओळींत 15 सेंटिमीटर, दोन रोपांत 10. डोळ्यांच्या अंदाजावर सोडलं, तर दुपारनंतर अंतर वाढत जातं, म्हणून दर 10 सेंटिमीटरवर खुणा केलेली काठी आडवी ठेवावी. एका ओळीला बारा रोपं. या हिशेबाने 100 चौरस मीटर लागणीला सहा हजारांहून जास्त रोपं लागतात; बांधावरून तुकडा लहान दिसतो, त्यावर जाऊ नका.

खुरप्याच्या टोकाने खाच करायची, रोप जरा खोल सोडायचं आणि मग किंचित वर उचलायचं. या उचलण्याने मुळं सरळ होतात. नवखे नेमके इथेच चुकतात : रोप बोटाने ढकलतात, मुळं वर वळतात आणि रोप आठवडाभर जागच्या जागी पिवळं पडत राहतं. खोली दोन ते तीन सेंटिमीटर. त्याहून खोल गेलं तर कांदा गोल न होता लांबुळका होतो आणि मान जाड राहते. एका खाचेत एकच रोप. शेवटी बाजूची माती दोन बोटांनी दाबायची, मुठीने नाही. पात धरून हलकेच ओढून पाहा. रोप सहज वर आलं, तर माती नीट बसलेली नाही.

उपटणारे सावकाश आणि लावणारे भराभर, किंवा याच्या उलट, असं होतंच. उपटलेल्या जुड्या उन्हात पडल्या की तासाभरात माना टाकतात. त्या ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच उपटाव्यात. पाऊण तासाने कामं बदलली की कंबरेलाही आराम. उन्हात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो.

(दृश्य : शेजारचा जुना वाफा. खुरपणी.)

चार-सहा जणांना महिन्याभरापूर्वीच्या लागणीत खुरपायला बसवता येतं. पण कोवळा कांदा आणि गवत नवख्याला सारखंच दिसतं. शंका आली की पान चिमटीत फिरवावं : कांद्याची पात पोकळ असते, चुरगळली की वास येतो. लव्हाळ्याचा दांडा तीनधारी लागतो. लव्हाळा नुसता ओढला तर वरचा भाग हातात येतो आणि गाठ खाली राहून पुन्हा फुटते, म्हणून गाठीसकट उकरावा. बाकी तण वरच्यावर काढावं. कांद्याची मुळं उथळ असतात. खुरपं खोल गेलं की तुटतात.

लागण संपली की त्याच संध्याकाळी पाणी, संथ धारेने. जोरात सोडलं तर रोपं आडवी होतात. तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरं हलकं पाणी. आठ-दहा दिवसांनी घरचेच लोक नांगे भरतात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावतात; त्यासाठी शंभरामागे पाच-सात रोपं राखून ठेवायची. पुन्हा वीस जण येणार असतील, तर तीन-चार आठवड्यांनी खुरपणीला बोलवावं. तेव्हा तण कोवळं असतं, आणि कांद्याची अरुंद पात स्वतःच्या सावलीने त्याला दाबू शकत नाही.