बदकांसाठी राखलेलं पाणी

[पडद्यावर: धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी दलदल. पिवळा पडलेला लव्हाळा, मधूनमधून पाणी.]

निवेदन:

ओकलंडहून सॅक्रॅमेंटोला जाणारी गाडी मार्टिनेझ सोडते, पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंची वस्ती संपते. मग नुसतं पाणी, लव्हाळा आणि मातीचे बुटके बांध. हे सुसून मार्श. 1,16,000 एकर. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एवढं मोठं सलग मचूळ पाणथळ दुसरं नाही. कॅलिफोर्नियात जेवढी नैसर्गिक पाणथळ उरली आहे, तिच्यातला दहा टक्क्यांहून जास्त वाटा या एका ठिकाणी आहे.

यातली बरीचशी जमीन खासगी आहे. दीडशेच्या वर डक क्लब आहेत इथे. बदकांची शिकार करणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन घेतलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जमिनी. क्लब म्हटल्यावर गुळगुळीत फरशी आणि गणवेशातले नोकर डोळ्यांपुढे आणू नका. मी लहानपणी पाहिलेला क्लब म्हणजे खांबांवर उभं केलेलं पत्र्याचं घर, आत एकावर एक रचलेल्या खाटा, रॉकेलचा वास आणि दाराशी चिखलाने भरलेले रबरी बूट.

[पडद्यावर: फेअरफील्डची एक साधी निवासी गल्ली.]

नव्वदच्या दशकात आम्ही सुसूनलगतच्या फेअरफील्ड गावात राहत होतो. शेजारच्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. तिचे आजोबा क्लबचे जुने सभासद. हंगामात ते तिला घेऊन जायचे, आणि तिला सोबत हवी म्हणून मलाही. दोन मुली क्लबावर आलेल्या काही सभासदांना रुचत नसे. बायकामुलींनी यावं अशी ती जागाच नव्हती त्यांच्या लेखी. आजोबा त्यावर काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशीच्या जागांसाठी चिठ्ठ्या निघायच्या, तेव्हा ते डबा आमच्यापुढे धरायचे. आम्ही काढलेल्या आकड्यावर सगळ्या मोठ्या माणसांची पहाट ठरायची.

बुधवार, शनिवार, रविवार. शिकारीचे वार एवढेच. बाकीचे दिवस तळी मोकळी सोडायची. सतत बार होत राहिले तर बदकं तो परिसरच सोडून जातात, म्हणून ही शिस्त क्लबांनी आपणहून लावून घेतलेली.

[ध्वनी: अंधारात पाण्यातून चालण्याचा आवाज. लांबून बदकांचं बोलणं.]

पहाटे चारला उठायचं. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवायच्या. आमच्या मापाच्या नसायच्याच, पट्टे गाठी मारून आखूड केलेले असायचे. मग कंदील घेऊन तळ्यात उतरायचं. पाणी जेमतेम वीतभर, फार तर गुडघ्याच्या खाली. सुसूनची बहुतेक बदकं बुडी मारणारी नाहीत, शेपटी वर करून डोकं पाण्यात घालून तळाचं बी खाणारी आहेत. त्यांची मान पोचेल एवढंच पाणी ठेवावं लागतं. तळाचा चिखल मात्र खोल. एक पाय काढावा तर दुसरा रुतलेला.

लपण म्हणजे तळ्याच्या मध्यावर जमिनीत पुरलेली पेटी. आत बाकडं, वर लव्हाळ्याचं झाकण. आत बसलं की डोळे पाण्याच्या पातळीला येतात. आजोबा समोर लाकडी बदकं सोडत. त्यातली काही त्यांनी स्वतः कोरलेली होती. वाऱ्याकडे पाठ, मध्ये मोकळी जागा, म्हणजे उतरणाऱ्या बदकांना तिथेच उतरावंसं वाटेल.

कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिला बार काढता येतो. त्या आधीचा वेळ मला सगळ्यांत आवडायचा. हिवाळ्यात इथे जमिनीलगत दाट धुकं साचतं, हाताची बोटं दिसत नाहीत असं. दिसत काहीच नाही आणि ऐकू सगळं येतं. डोक्यावरून पंख जातात तो आवाज प्रत्येक जातीचा वेगळा. लहान टील बदकांचा थवा फाडल्यासारखा सर्रकन जातो. विजन बदकांची बारीक शीळ. तलवार बदकाचा नर घशातून मऊसा आवाज काढतो, त्याच्यासारखा दुसरा नाही. आजोबा कुजबुजत विचारायचे, कोण गेलं? आम्ही नाव सांगायचं. उजाडल्यावर दिसायला लागेपर्यंत आम्हाला तळ्यावर कोण कोण आहे ते ठाऊक झालेलं असायचं. पक्षी ओळखायला मी अशी शिकले. दुर्बीण खूप नंतर हातात आली.

आणि मग बार व्हायचा.

हे मी गोड करून सांगणार नाही. हवेत असलेला पक्षी मुडपून खाली येतो. त्यांची काळी लॅब्राडोर कुत्री पोहत जाऊन तो तोंडात धरून आणते, एक पीसही न चुरगळता. तो हातात घेतला की ऊब असते. मान लुळी असते आणि ऊब असते. कधी पक्षी नुसता जखमी होई, तेव्हा आजोबा आधी त्याच्यामागे जात, दुसरी बदकं समोरून आली तरी बंदूक उचलत नसत. सापडेपर्यंत लव्हाळा धुंडाळत राहायचे. एकदा दुपार झाली. ते जेवायलाही आले नाहीत.

मी रडायचे सुरुवातीला. मला कुणी गप्प केलं नाही, हे मला आज मोठं वाटतं.

दुपारी पत्र्याच्या घरामागे पिसं काढायचं काम आम्हा मुलींकडे. कुणी काय खाल्लंय ते पाहायला आजोबा बदकाची अन्नपिशवी चिरून दाखवायचे. आत लव्हाळ्याचं काळं चकचकीत बी. ते पाहून ते खूश व्हायचे, कारण ते बी त्यांच्या तळ्यात पिकवलेलं होतं. आमच्या वाट्याचं बदक आई काळ्या मसाल्यात शिजवायची. रशाचा डबा शेजारी जायचा आणि रिकामा परत यायचा, सोबत आणखी एक बदक घेऊन.

[पडद्यावर: तलवार बदकाचा नर, जवळून. तपकिरी डोकं, मानेवर पांढरी रेघ, लांब टोकदार शेपटी.]

बाबा बंदुकीला कधी शिवले नाहीत. भारतात 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या माणसाला शिकार म्हणजे गुन्हाच वाटायचा. पण पहिल्यांदा अंगणात आणलेला पक्षी पाहून ते म्हणाले, “अगं, हा तर तलवार बदक. आपल्या नांदूरला येतो हिवाळ्यात.” बाबा निफाड तालुक्यातले. नांदूर मधमेश्वर त्यांच्या घरापासून जवळ, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं. जात एकच, वाटा वेगळ्या. नांदूरला येणारा तलवार बदक उत्तर आशियातून उतरतो, सुसूनचा अलास्का आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून.

बाबांचं आणि आजोबांचं खरं जमलं ते मार्च महिन्यात.

[पडद्यावर: बांधातलं लोखंडी झडपेचं दार. पाणी जोरात बाहेर जातंय.]

हंगाम जानेवारीअखेर संपतो. त्या नंतरच क्लबाचं काम सुरू होतं, आणि या चित्रपटाला कारण झालं ते हे काम. सुसूनच्या एका बाजूला समुद्राकडून येणारं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला सॅक्रॅमेंटो नदीचं गोडं. मध्ये ही तळी. उन्हाळ्यात जमीन वाळली की मीठ वर येतं. ते धुऊन काढलं नाही तर दोन-चार वर्षांत बी देणारा लव्हाळा जातो, खारट झुडपं माजतात आणि बदकांना खायला उरत नाही. म्हणून वसंतात तळं रिकामं करायचं, नदी भरून वाहत असते तेव्हा गोडं पाणी आत घ्यायचं, ते मीठ विरघळवून घेतं, मग ते सोडून द्यायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं.

बहुतेक ठिकाणी याला पंप लागत नाही. कोकणात खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते, तशी इथे प्रत्येक तळ्याला झडपेची दारं आहेत. भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचं. तिथली उघाडी भातासाठी, इथली बदकांच्या बियांसाठी. भरती रात्री दोनला असली तर माणूस रात्री दोनला बांधावर.

बाबा पहिल्यांदा बांधावर गेले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, “क्षारपड.” पाटाच्या पाण्याची पाळी धरून ज्यांनी शेत भिजवलंय, त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. नंतर कित्येक मार्च महिने ते फावडं घेऊन आजोबांबरोबर बांधावर असायचे. दोघांची भाषा अर्धीच एकमेकांना कळायची आणि काम पुरं व्हायचं.

[पडद्यावर: जुने फोटो. रेल्वेचा फलाट, बंदुका घेतलेली माणसं.]

हे क्लब आले कुठून? एकोणिसाव्या शतकात लोकांनी शेतीसाठी इथे बांध घातले. 1879मध्ये दलदलीतून रेल्वे गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोचे पैसेवाले शिकारी गाडीने यायला लागले. टील नावाचं स्थानकच होतं. पुढे वरच्या भागात नद्यांचं पाणी वळवलं गेलं, सुसून खारट होत गेलं, पिकं हरली. शेतं एकेक करून क्लबांकडे गेली.

त्या काळात दुसरीही एक शिकार चालायची, बाजारासाठीची. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांना पोती भरून बदकं जात. 1918च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने ती विक्री बंद पाडली. 1934मध्ये डक स्टॅम्प आला, म्हणजे शिकाऱ्यांनी विकत घ्यायचं सरकारी तिकीट, 1 डॉलरचं. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक शिकाऱ्याने तो घ्यायचाच. आज त्याला 25 डॉलर पडतात, आणि त्यातले 98 टक्के पाणथळ जमिनी राखायला जातात. 1935मध्ये जिवंत बदकं बांधून आमिष दाखवणं आणि दाणे टाकणं बंद झालं. 1991पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली, कारण तळाशी पडलेले छर्रे खडे समजून बदकं गिळत आणि विषबाधेने मरत. आजोबांच्या कपाटात शिशाची काडतुसं उरली होती. ती त्यांनी पुन्हा वापरली नाहीत.

इतकं असून तलवार बदक कमीच होत गेला. उत्तर अमेरिकेत 1950च्या दशकात एका वर्षी ते 1 कोटीच्या आसपास मोजले गेले होते. अलीकडच्या गणनांत 20 लाखांच्या आगेमागे. बंदूक हे त्याचं मुख्य कारण नाही. हा पक्षी कापलेल्या गव्हाच्या खुंटांत घरटं करतो, आणि वसंतात नांगर फिरला की घरटी जातात. हिवाळ्याचं घरही आटलंय. शेजारच्या सेंट्रल व्हॅलीतली 90 टक्क्यांहून जास्त पाणथळ शेतीने आणि शहरांनी गिळली.

सुसून त्यातून वाचलं, आणि माझ्या मते ते वाचण्यात या चिखलाच्या बुटांचा वाटा फार मोठा आहे. 1977च्या सुसून संरक्षण कायद्याने इथे इमारती उठू दिल्या नाहीत, तो नसता तर क्लबही टिकले नसते, हे खरं. 1980च्या दशकाच्या शेवटी मॉन्टेझुमा खाडीवर मोठी दारं बसवली, ओहोटीला नदीचं गोडं पाणी आत घेणारी आणि भरतीला मिटणारी, तीही सरकारने. पण आतल्या शेकडो लहान दारांवर हात ठेवायला माणूस लागतो, दर वर्षी, स्वतःच्या खर्चाने. ते इथे शिकाऱ्यांनी केलं. त्या तळ्यांत आज फक्त बदकं नाहीत. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दलदलींखेरीज जगात कुठे न आढळणारा, खारं पाणी पिऊन जगणारा छोटा उंदीरही तिथे राहतो. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी घिरट्या घालतात. ग्रिझली आयलंडवर ट्यूल एल्क जातीची हरणं चरतात.

[पडद्यावर: बांधाला पडलेली भेग, पलीकडे उघडी खाडी, लाटा.]

या माणसांवर माझा जीव आहे. तरी सगळं बरोबर चाललंय असं मी म्हणणार नाही. सभासद होणं साध्या पगारात बसत नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी सरकारी जागेसाठी सोडतीत नाव घालायचं आणि वाट पाहायची. शरद ऋतूत कुजलेल्या गवताचं काळं पाणी तळ्यांतून खाडीत सुटतं, त्यात प्राणवायू इतका कमी असतो की मासे मरतात. डेव्हिसच्या विद्यापीठातले संशोधक 1980च्या सुमारापासून इथले मासे मोजत आहेत आणि हे त्यांनी क्लबांना तोंडावर सांगितलंय. काही क्लबांनी ऐकलं, पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्या. त्याच संशोधकांनी दुसरी बाजूही दाखवली, की नीट सांभाळलेल्या तळ्यांत माशांच्या पिल्लांचं अन्न उघड्या खाडीपेक्षा भरपूर तयार होतं.

आता समुद्र वर येतोय आणि बांध मातीचे आहेत. सरकारच्या 30 वर्षांच्या सुसून आराखड्यात 5,000 ते 7,000 एकरांवरचे बांध फोडून तिथे पुन्हा भरती-ओहोटी खेळू द्यायचं ठरलंय, माशांसाठी. बाकी 40,000 ते 50,000 एकर तळी सुधारायची. मला हे पटतं. खाडीकडचे जे बांध दर हिवाळ्याला फुटतात, ते पाण्याला परत द्यावेत आणि तो पैसा आतल्या तळ्यांवर लावावा.

माझ्या मैत्रिणीला हे मुळीच पटत नाही. आजोबांनंतर सभासदत्व तिच्याकडे आलं. पाणी सोडायचं काम आता तिच्याकडे आहे, आणि त्यांचा क्लब खाडीकडच्या बाजूलाच आहे. परवा बांधावर आमचं यावरून चांगलंच वाजलं. कॅमेरा चालू होता. तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐका.

[पडद्यावर: मैत्रीण बांधावर उभी. मुलाखत सुरू.]