मोहोर हापूसचा, पराग परका

हे रत्नागिरीच्या कातळावरचं हापूसचं कलम. उजव्या अंगाला मोहोराचे भरगच्च तुरे, डाव्या अंगाला तांबूस कोवळी पालवी. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला की अर्ध्या फांद्या पालवतात. ती काडी पक्व होईपर्यंत तिथे मोहोर नाही. म्हणून हापूस टप्प्याटप्प्यानं मोहोरतो, एखादं वर्ष चुकवतोही. पलीकडचा रत्ना दरवर्षी मोहोरतो. तो वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला, नियमितपणा नीलमचा.

आता तुरा जवळून पाहू. हे फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. मध्ये पिवळसर गोल बिंदू दिसतो? तो बीजांडकोश, फुलाचा मादी भाग. त्याच्या कडेला गुलाबी टोकाचा एकच कामाचा पुंकेसर. नर-मादी दोन्ही भाग एकात, म्हणून हे संयुक्त फूल, आंबा यालाच धरतो. शेजारच्या फुलात बिंदूच नाही, ते नर. रुमाणी वाणात संयुक्त फुलं शंभरात एकही भरत नाहीत, लंगड्यात सत्तरच्या घरात जातात. हापूसमध्ये ती १० टक्क्यांच्या आसपास. तुरा कितीही भरलेला दिसो, मोजायची ती हीच फुलं.

त्यातही हापूसचा पराग हापूसला नीट लागू पडत नाही. सगळी कलमं एकाच वाणाची, म्हणून बाग हजार झाडांची असली तरी पराग एकच. फळ धरतं, गोटीएवढं होतं आणि गळतं.

त्यासाठी शंभरातली निदान १० झाडं केसर, रत्ना किंवा पायरीची हवीत, तीही बागेत विखुरलेली. एका कडेला ओळ लावून भागत नाही. पराग नेणाऱ्या या माश्या पाहा, मधमाश्यांपेक्षा यांचाच वावर जास्त. तुडतुड्यांची फवारणी बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटतानाच उरका. फुलं उमलल्यावर मारलेलं कीटकनाशक आधी माश्यांना लागतं.

जुनी बाग तोडायची गरज नाही. हापूसची एक फांदी छाटली, नवे फुटवे आले, त्यांतल्या जोमदार फुटव्यावर केसरच्या काडीचं हे पाचर कलम. काडी चार-पाच इंचांची, डोळे फुगलेले, पानं आधीच कापलेली. पाचरीच्या दोन्ही बाजू सारख्या तासल्या नाहीत तर साल सालीला भिडत नाही आणि काडी वाळते. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळली, वरून पिशवी चढवली.

हा पहिला कोंब. केसरचा.